जतची तहान, दहा वर्षं जुना ठराव आणि एक वाक्य : नोव्हेंबर २०२२ चं प्रकरण

मी जत तालुक्यातून सांगलीच्या एका दैनिकासाठी बातम्या पाठवतो, बरीच वर्षं झाली आता. "अमुक गोष्ट बातमी का होते आणि तमुक का होत नाही" हे नवीन पोरं नेहमी विचारतात. त्यांना दहा मुद्दे सांगण्यापेक्षा मी हे एकच प्रकरण सांगतो, कारण ते मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलंय आणि त्यात सगळं आलं.

आधी जागा समजून घ्या, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जत हा सांगली जिल्ह्यातला सगळ्यात मोठा तालुका, एकदम पूर्वेला. तालुक्याच्या पूर्व भागात उमदी, संख, तिकोंडी, दरीबडची, बालगाव ही सगळी गावं कर्नाटकच्या सीमेला चिकटून, घरात कन्नड, शाळेत कुठं कन्नड कुठं मराठी, बाजार बऱ्याचदा विजापूरला. सांगलीहून उमदीला जायचं म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, आणि तिथून विजापूर त्याच्या निम्म्याहून जवळ. जिल्ह्याच्या पश्चिमेला कृष्णा-वारणा, ऊस, महापूर, आणि इकडं बोर नदीचं पात्र वर्षातले बरेच महिने कोरडं. म्हैसाळला कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं मिरज, कवठेमहांकाळ, जतकडं आणायची योजना आहे, पण मूळ आराखड्यात पूर्वेकडची ही गावं नव्हतीच. उंचीवर आहेत, कालव्याच्या शेवटाच्याही पलीकडं. आणि गंमत नाही, दुखणं आहे हे, की सीमेपलीकडं कर्नाटकनं तुबची-बबलेश्वर योजना केली, त्याच कृष्णेचं पाणी जमखंडीच्या बाजूनं उचलून आणलं, आणि तिथून उताराने आपल्या तलावात पाणी येऊ शकतं हे इथल्या शेतकऱ्यांना नुसत्या डोळ्यानं दिसत होतं. उन्हाळ्यात कोयनेचं पाणी कर्नाटकला सोडता ना, मग बदल्यात आम्हाला तुबचीचं मिळवून द्या, ही मागणी जुनी आहे. निवेदनं, मोर्चे, पदयात्रा, सगळं झालेलं.

ही मागणी मी स्वतः किती वेळा बातमीत पाठवली याचा हिशोब नाही. लागायची. पान पाच, सिंगल कॉलम, "पाण्यासाठी पूर्व भागातील ग्रामस्थांचे तहसीलदारांना निवेदन". कधी आत कुठंतरी फोटोसकट, त्यात निवेदन देणारे आठ जण आणि निवेदन घेणारा एक, चेहरे कुणाचेच ओळखू येत नाहीत.

एकदा एप्रिलमध्ये मी जरा मोठी बातमी करून पाठवली होती. एका वस्तीवर गेलो होतो, टँकर विहिरीत सोडतात तिथं. एक आज्जी घागर उलटी करून दाखवत होत्या, तळाशी लाल गाळ, आणि मला म्हणाल्या, "नीर इल्लरी, येन माडोदु?" पाणी नाही हो, करायचं काय. मी ते वाक्य तसंच्या तसं बातमीत घातलं. रात्री डेस्कवरनं फोन आला, आमचे उपसंपादक वयानं माझ्याहून लहान, चांगला माणूस, मनापासून बोलतो. म्हणाला, "दादा, वाचून वाईट वाटलं, खरंच. पण पेग काय आहे? टँकर दरवर्षी लागतात. आज काय झालं?"

पेग म्हणजे बातमी आजच का द्यायची याचं निमित्त. आज काय झालं. मला उत्तर देता आलं नाही, कारण आज काहीच झालं नव्हतं. काल जे होतं तेच आज होतं. बातमी पडून राहिली, तीन दिवसांनी निम्मी होऊन लागली.

आता नोव्हेंबर २०२२. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाचा महाराष्ट्रानं २००४ साली दाखल केलेला दावा सुप्रीम कोर्टात आहे, त्याची सुनावणी महिन्याअखेरीस अपेक्षित होती. २१ तारखेला मुंबईत सीमाप्रश्नावर बैठक झाली, समन्वयासाठी दोन मंत्री नेमले, चंद्रकांत पाटील आणि आपल्या पाटणचे शंभूराज देसाई. आणि लगेच कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सांगितलं की जत तालुक्यातल्या ४० ग्रामपंचायतींनी पाण्याच्या टंचाईमुळं कर्नाटकात यायचा ठराव केलेला आहे, आणि आम्ही त्याचा गांभीर्यानं विचार करतोय.

झालं. मी स्टँडजवळ चहा पीत होतो, फोन वाजायला लागला तो थांबेचना. आमचं डेस्क, मग पुण्याची आवृत्ती, मग एका चॅनेलचा मुलगा ज्याच्याकडं माझा नंबर कुठनं गेला माहीत नाही, मग दुसरं चॅनेल. सगळ्यांचे प्रश्न तेच : कुठली ४० गावं, ठरावाची कॉपी मिळेल का, सरपंचाचा बाईट मिळेल का. दुसऱ्या दिवशी आपले तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी सांगितलं की हा ठराव २०१२ चा आहे, जुना आहे, एकही गाव कर्नाटकात जाणार नाही. म्हणजे दहा वर्षांपूर्वी दुष्काळात गावांनी पाणी द्या नाहीतर आम्ही कर्नाटकात जातो असं म्हणलं होतं, आणि ते दहा वर्षांनी दोन मुख्यमंत्र्यांच्या पातळीवर आलं.

नवीन पोरांना मी सांगतो की इथं थांबा आणि नीट बघा. पाण्याच्या बाबतीत त्या दिवशी जतमध्ये काहीही बदललेलं नव्हतं. उलट नोव्हेंबर हा टंचाईचा महिनाच नाही. टंचाई मार्चनंतर पेटते. नोव्हेंबरात शेतात शाळू उभा असतो, रान हिरवं दिसतं. चॅनेलची गाडी आली, त्यातला कॅमेरामन माझ्याबरोबर तासभर फिरला, त्याला भेगाळलेली जमीन पाहिजे होती, आणि गुडघ्याएवढा शाळू बघून तो वैतागला. मी त्याला म्हणलं, एप्रिलमध्ये ये, पाहिजे तेवढ्या भेगा दाखवतो. तो बिचारा म्हणाला, "एप्रिलमध्ये मला कोण पाठवणार सर?" खरं बोलला तो. शेवटी एका कोरड्या ओढ्यात उभं राहून त्यानं शूट केलं.

म्हणजे तहान तीच आणि मागणी पण तीच. बदललं ते एवढंच की एका मोठ्या माणसानं, ठरावीक दिवशी, एक वाक्य उच्चारलं. वाक्याला वेळ असते, तारीख असते, बोलणारा असतो, आणि त्याला उत्तर देणारा दुसरा कुणीतरी असतोच. तहानीला यातलं काही नसतं.

याचा अभ्यास लोकांनी फार पूर्वी केलेला आहे. १९६५ साली नॉर्वेच्या योहान गाल्टुंग आणि मारी होल्मबो रूगे या दोघांनी काँगो, क्युबा आणि सायप्रस इथल्या संकटांच्या बातम्या चार नॉर्वेजियन पेपरांत कशा आल्या ते तपासलं, आणि घटना बातमी होण्यामागं बारा कारणं मांडली. घटनेचा आकार, अनपेक्षितपणा, वाईटपणा, मोठी माणसं, मोठे देश, आधीपासून चालू असलेला विषय, वाचकाच्या डोक्यातल्या चित्राशी जुळणं वगैरे. पत्रकारितेच्या वर्गात ही यादी पोरं पाठ करतात. पण मला त्यातलं पहिलंच कारण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, त्याचं साधं मराठी म्हणजे घटनेचा वेग आणि पेपरचा वेग जुळला पाहिजे. पेपर रोज निघतो, म्हणून एका दिवसात घडून संपणारी गोष्ट त्याला झेपते. जे हळूहळू वर्षानुवर्षं चालतं ते निसटतं, कुठलातरी नाट्यमय क्षण आला तरच दिसतं. त्यांनी उदाहरण पण धरणाचंच दिलंय, धरण बांधत असताना कुणाचं लक्ष नसतं, उद्घाटनाची मात्र बातमी होते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमचे म्हैसाळचे कालवेच आठवले.

आता हा मापदंड जतला लावून बघा. बोम्मईंचं वाक्य : मोठा माणूस, आहे. संघर्ष, आहे, तोही दोन राज्यांचा. अनपेक्षित, शंभर टक्के, बेळगाव-निपाणीवर आपला दावा ऐकायची सवय आणि इथं उलटा आपल्याच तालुक्यावर दावा. आधीपासून चालू असलेला विषय, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून, मग १९६७ चा महाजन आयोग, मग कोर्ट. न्यूजरूममध्ये सीमावादाची तयार फाइल असते, प्रतिक्रिया कुणाच्या घ्यायच्या त्यांचे नंबर तयार असतात. आणि एक कारण जे कुठल्याच यादीत मला सापडलं नाही पण रोज बघतोय, ही बातमी ऑफिसात बसून फोनवर होते. मुंबईतनं प्रतिक्रिया, बंगळूरहून प्रतिक्रिया, कोल्हापुरातनं प्रतिक्रिया. टँकरची बातमी करायला उमदीला जावं लागतं, दिवस जातो, पेट्रोल जातं, आणि तालुका वार्ताहराला बातमीमागं काय मिळतं ते मी इथं लिहीत नाही, धंद्यातल्या लोकांना माहीत आहे.

ठरावाची कॉपी शोधायला मी त्या दोन दिवसांत बऱ्याच ग्रामपंचायतींत गेलो. एका गावात ग्रामसेवकांनी कपाटातनं जुनी प्रोसिडिंग बुकं काढून टेबलावर टाकली, म्हणाले तुम्हीच शोधा, मला जिल्हा परिषदेतनं सारखे फोन चालूत. लाल कापडी पाठ असलेले रजिस्टर, पानं पिवळी, कडेला वाळवी लागलेली. मी पानं उलटत होतो, आणि २०१२ चं पान शोधता शोधता दुसरंच दिसायला लागलं. दर उन्हाळ्यात एक ठराव. "गावास व वाडीवस्तीस पिण्याचे पाण्याचे टँकर मागणी करणेबाबत." सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर. पुढच्या वर्षी परत तोच, शब्द तेच, फक्त सूचक-अनुमोदक बदललेले, कधी सरपंच बदललेला. अक्षर बदलतं, शाई बदलते, काही ठिकाणी सहीच्या जागी अंगठे. मधे एखाद्या वर्षी पाऊस बरा झाला असेल तर नाही, परत पुढच्या वर्षी आहे. माझ्या हातात त्या गावाच्या तहानेचा लेखी इतिहास होता, सही-शिक्क्यानिशी, आणि बाहेर माझ्या गाडीवर बसून एक रिपोर्टर मला फक्त एवढंच विचारत होता की "मिळाला का तो ठराव?"

आणि खरं सांगतो, मीही त्या दिवशी तोच शोधत होतो. त्या टँकरच्या पानांचा फोटो मी काढला नाही. आजही ते मला खुपतं.

पुढचे आठ-दहा दिवस काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. पूर्व भागातल्या काही गावांत कर्नाटकचे झेंडे दिसले, घोषणा झाल्या, दुसरीकडं त्याच्या विरोधात आंदोलनं. सरकारनं विस्तारित म्हैसाळ योजनेची, सुमारे २००० कोटींची, जानेवारीत टेंडर काढायची घोषणा केली. आणि डिसेंबर उजाडता उजाडता कर्नाटकनं तुबची-बबलेश्वरचं पाणी सोडलं, ते तिकोंडीच्या तलावात आलं. जे पाणी निवेदनांनी आलं नाही ते आलं. नंतर नाशिकच्या सुरगाण्यातली गावं गुजरातेत जायचं म्हणायला लागली, नांदेडच्या सीमेवरची तेलंगणात. कशापायी? कारण त्यांना दिसलं की असं बोललं की कॅमेरा येतो, आणि कॅमेऱ्यामागनं मंत्री येतो. मी त्या लोकांना दोष देत नाही. ज्याची विहीर कोरडी आहे त्यानं कुठलं दार वाजवायचं हे मी कोण ठरवणार. पण आपण, म्हणजे बातमी देणाऱ्यांनी, त्यांना शिकवलं काय हे विचारायला पाहिजे, कारण धमकी दिली की पहिलं पान आणि अर्ज दिला की पान पाच, हा धडा आम्हीच दिलेला आहे.

मग ६ डिसेंबरला बेळगावजवळ हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, विषय तिकडं गेला. १४ तारखेला दिल्लीत अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक घेतली. २७ डिसेंबरला नागपूर अधिवेशनात कर्नाटकातली ८६५ मराठी गावं महाराष्ट्रात आणायचा ठराव एकमतानं झाला. या सगळ्या महत्त्वाच्याच बातम्या आहेत, त्या द्यायलाच पाहिजेत. पण डिसेंबरच्या मध्यापर्यंत जत हे नाव बातम्यांतनं गेलं होतं, आणि माझा फोन परत शांत.

इथं मला ऑगस्ट २०१९ ची आठवण सांगायची आहे, कारण त्याशिवाय हे अर्धवट राहील. त्या आठवड्यात सांगलीत महापूर, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, जिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ८ तारखेला ब्रह्मनाळला बोट उलटली, माणसं गेली. माझे निम्मे सहकारी छातीएवढ्या पाण्यात उभं राहून काम करत होते. आणि त्याच आठवड्यात, त्याच जिल्ह्यात, जतमध्ये टँकर चालू होते. मी तेव्हा टँकरची एक ओळसुद्धा पाठवली नाही आणि ते बरोबरच केलं असं आजही मानतो. लोक मरत होते, पाणी तासातासाला चढत होतं, पुलाची पातळी किती झाली ही माहिती एखाद्याचा जीव वाचवत होती. तिथं वेग, आकार, जवळीक, धोका हे सगळे मापदंड आपलं काम चोख करत होते. म्हणून मी असं म्हणत नाही की ही मापं खोटी आहेत. पुराच्या वेळी त्यांनी योग्य गोष्ट पहिल्या पानावर नेली. जतच्या वेळी त्याच मापांनी पाण्याऐवजी पाण्यावर बोललेलं वाक्य नेलं. माप तेच होतं. म्हणून वार्ताहरानं कुठल्या गोष्टीला ते माप पुरत नाही हे ओळखायला पाहिजे आणि तिथं जास्तीचं काम करायला पाहिजे.

ते काम म्हणजे काय, हे मला त्या लाल रजिस्टरनं शिकवलं. हळू चालणाऱ्या गोष्टीलाही तारखा असतात, फक्त त्या कुणी पत्रकार परिषदेत वाचून दाखवत नाही. टँकर मागणीचा ठराव झाला ती एक तारीख. तो पंचायत समितीत पोचला ती दुसरी. तहसीलदार आणि बीडीओंची, म्हणजे गटविकास अधिकाऱ्यांची, संयुक्त पाहणी झाली ती तिसरी, प्रांतांची मंजुरी चौथी, आणि प्रत्यक्ष टँकर गावात आला ती पाचवी. या पाचांच्या मधले दिवस मोजले की बातमी तयार आहे, त्यात कुणाला धमकी द्यावी लागत नाही, आणि डेस्कनं "आज काय झालं" विचारलं तर उत्तर आहे. तसंच मापाचं. टंचाईत टँकरनं माणशी २० लिटर द्यायचं असतं, घरोघरी नळ द्यायच्या जलजीवन योजनेत माणशी ५५ लिटरचा निकष आहे. घरात माणसं किती, घागरी किती मिळाल्या, भागाकार करा. खरा आकडा निघतो, आणि तो आज्जीच्या घागरीचा असतो.

(२०१७ मध्ये ब्रिटनमधल्या हारकप आणि ओनील या दोन अभ्यासकांनी बातमीच्या मूल्यांची यादी परत तपासली तेव्हा त्यात शेअर होण्याजोगं असणं, फोटो-व्हिडिओ असणं, नाट्य, संघर्ष हेही आलं. मोबाइलवर काय चालतं ते आपण बघतोच. तर भागाकार शेअर होत नाही असं म्हणणाऱ्यांना मी त्या रजिस्टरच्या पानाचा फोटो दाखवतो, पुढं सांगतो.)

३१ ऑक्टोबर २०२३. बोम्मईंच्या वाक्याला वर्ष पुरं व्हायचं होतं. पाऊस दगा देऊन गेलेला, आणि राज्य सरकारनं १५ जिल्ह्यांतले ४० तालुके दुष्काळी जाहीर केले. सांगली जिल्ह्यातले शिराळा, कडेगाव, खानापूर, मिरज होते. जत नव्हता. वर्षापूर्वी ज्या तालुक्याच्या पाण्यावरनं दोन राज्यं भांडली तो यादीत नव्हता. नंतर नोव्हेंबरात १०२१ महसुली मंडळं दुष्काळसदृश म्हणून जाहीर झाली तेव्हा जतची मंडळं त्यात आली.

यादी आली त्या रात्री मी डेस्कला फोन केला, म्हणलं बातमी मोठी आहे. उपसंपादक म्हणाला, "दादा, राज्याची यादी पहिल्या पानाला आहेच, जतचं वेगळं काय देऊ?" यावेळी माझ्याकडं उत्तर होतं. मी सकाळी उठून त्याच गावात गेलो, ग्रामसेवक बदललेले होते, नवीन मॅडम होत्या, त्यांना विनंती केली, "ताई, जुनी प्रोसिडिंग जरा बघू देता का?" त्यांनी दिली. मी टँकर ठरावाची सगळी पानं वर्षाच्या क्रमानं टेबलावर मांडून फोटो काढले, शेवटचं पान त्याच वर्षाचं, शाई अजून काळीभोर. खाली फक्त प्रत्येक ठरावाची तारीख आणि टँकर आल्याची तारीख, जिथं नोंद सापडली तिथं. प्रतिक्रिया कुणाचीच घेतली नाही, मुद्दाम. नेत्याचं एक वाक्य घातलं असतं तर हेडिंग त्याचंच झालं असतं.

जिल्हा पानावर चार कॉलम लागली, फोटोसकट. पहिलं पान नाही मिळालं, त्यावरनं आमचं डेस्कशी बोलणं झालं आणि ते अजून मिटलेलं नाही, त्याचं म्हणणं आहे की फोटो कागदाचा आहे, माणसाचा नाही. दुपारपर्यंत तो फोटो तालुक्यातल्या बहुतेक ग्रुपवर फिरला, आणि संध्याकाळी शेजारच्या दोन गावांतनं पोरांनी आपापल्या रजिस्टरची पानं मला पाठवली, त्यातलं एक अंधारात काढलेलं, कडेला कुणाचातरी अंगठा आलेला, पण ठराव वाचता येत होता.

टँकर लगेच आला नाही. पाहणी लागली, तारीख लिहून ठेवली आहे.